आठवं कलम

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, तर मैलापूरच्या रावसारांचे. वडिलांचं मी यात धरत नाही. धरलं तर त्यांनाच परकं वाटेल. जिनिंगमध्ये सरकी उपसून त्यांनी मला इंजिनिअर केलं. पण चार माणसांत मान वर करून कसं बोलायचं, हे त्यांनाच कुणी शिकवलं नव्हतं, ते मला कुठून शिकवणार? ते रावसारांनी शिकवलं. आणि ऐन वेळी स्वतःसाठी मात्र एक शब्द बोलले नाहीत. मीही बोललो नाही. म्हणून हे लिहितो आहे.

रावसार हे त्यांचं नाव नव्हे. तंजावरकडच्या मराठी माणसाला तिथले लोक सरसकट राव म्हणतात, आणि सरचा उच्चार सार करतात. गल्लीला ते रावसार होते, म्हणून मलाही रावसारच.

दोन हजार पाच साली मी कळमनुरीहून चेन्नईला आलो. कंपनीच्या गेस्ट हाऊसची मुदत संपत आली होती. देवळाच्या तळ्यामागच्या एका गल्लीत 'खोली भाड्याने' अशी पाटी दिसली. दाराच्या दोन्ही बाजूंना दगडी ओटे होते, जुन्या मैलापुरात असतात तसे. उजव्या ओट्यावर उघड्या अंगानं, खांद्यावर पंचा टाकून एक म्हातारे गृहस्थ बसले होते आणि कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिकेवर लाल पेन्सिलीनं खुणा करत होते. मी पाठ केलेलं इंग्रजी बोलू लागलो. तिसऱ्या वाक्याला त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"मराठी काय?"

मी हो म्हणालो.

"मग इतका वेळ इंग्रजीस काय म्हणून छळलांत?"

त्यांची मराठी ऐकायला मला सवय करावी लागली. शब्द आपलेच, पण जुने, आणि चाल तमिळ. माझी मराठी त्यांना फार घाईची वाटे. त्यांनी माझी जात विचारली नाही, पगार विचारला नाही. हातातली पत्रिका पुढं केली आणि म्हणाले, "मोठ्यानें वाचा. कोठें चुकलें तें सांगा." मला काही सापडलं नाही. त्यांना चार चुका सापडल्या होत्या. खोली मला मिळाली.

रावसार हायकोर्टाजवळच्या एका छापखान्यात कायद्याच्या निकालांची प्रुफं तपासत. तीस-बत्तीस वर्षं तेच काम. वकील नव्हते, पण कित्येक वकिलांनी वाचले नसतील इतके निकाल त्यांनी अक्षर अक्षर करून वाचले होते. निवृत्त झाल्यावर हाताला चैन पडेना. मग समोर येईल तो छापील कागद ते तपासत. देवळातल्या उत्सवाची नोटीस, औषधाच्या बाटलीवरचा कागद, गाण्याच्या सभेचा कार्यक्रम. तपासून झालं की ज्याचा त्याला नेऊन देत. एका सभेच्या सेक्रेटरीनं शेवटी हात जोडून सांगितलं होतं, "रावसार, हे दोन पास घ्या. गाणं ऐका. कार्यक्रम वाचू नका." दोन पास येत, आणि ते एकटेच जात. शेजारच्या खुर्चीवर पंचा ठेवत.

घराची किल्ली जानव्याला बांधलेली असे. दार उघडायचं म्हणजे दाराशी जवळजवळ गळाभेट. मी म्हटलं, "रावसार, खिशात का नाही ठेवत?" तर म्हणाले, "खिसा कोठें आहे, तंबी?"

तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मला ते पहिल्या दिवसापासून तंबीच म्हणत, आणि तरीही अहोजाहो करत.

माझं शिक्षण सुरू झालं ते पंख्यावरून. मे महिना होता. मला खोलीत टेबल फॅन आणायचा होता, म्हणून शाळेत शिकवल्याप्रमाणे मी रीतसर अर्ज लिहून त्यांच्या हातात दिला. 'सविनय विनंती करतो की' असा. आमच्याकडं त्याशिवाय दाखलासुद्धा मिळत नाही. दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला. 'सविनय विनंती' वर लाल काट.

"पंखा तुमचा. उकाडा देवाचा. विनंती कोणास?"

"परवानगी म्हणून..."

"जें तुमचें आहे तें मागायचें नाहीं. कळवायचें."

मी पुन्हा लिहिलं. 'मी खोलीत पंखा लावत आहे.' पाच शब्द. ते लिहायला मला अर्धा तास लागला, खोटं सांगत नाही.

संध्याकाळी तिरुमयिलै स्टेशनावर उतरून घरी आलो की ओट्यावर दोन पेले कॉफी तयार असे. एक त्यांच्या उजव्या ओट्यावर आणि एक समोरच्या, डाव्या ओट्यावर. पहिले काही दिवस मला वाटलं डावा पेला माझ्यासाठी आहे. नंतर गल्लीतल्यांकडून कळलं, मी येण्याच्या आधीही दोन पेले भरले जात होते.

डावा ओटा त्यांच्या बायकोचा. पस्तीस वर्षं दोघं समोरासमोर बसून भांडले, आणि भांडण एकच. छापखान्यात एकदा अमेरिकेच्या घटनेवरचं जाडजूड पुस्तक प्रुफाला आलं होतं. रावसारांनी ते घरी येऊन बायकोला सांगितलं आणि तिनं उलट बाजू घेतली.

ते भांडण त्यांनी मला असं सांगितलं. अमेरिकेनं आपली राज्यघटना लिहिली तेव्हा तीत लोकांच्या हक्कांची यादी नव्हती. काहींनी हट्ट धरला, यादी घाला, नाहीतर आमची संमती नाही. दुसरे म्हणाले, यादी कशाला? सरकारला आपण जेवढं दिलं तेवढंच त्याच्याकडं आहे. वर्तमानपत्रांवर त्याला अधिकार दिलेलाच नाही, तर वर्तमानपत्रांना हात लावू नकोस असं लिहायचं कशाला? आणि यादी धोक्याचीही. दहा हक्क लिहिले की अकरावा गेला. उद्या कुणीतरी म्हणेल, यादीत नाही, म्हणजे तुम्हांला नाहीच.

"हें माझें," रावसार म्हणत आणि उजव्या ओट्यावर थाप मारत. मग उठून, गुडघा धरत, डाव्या ओट्याकडं जात, पंचा दुसऱ्या खांद्यावर घेत आणि म्हणत, "तिचें असें, लिहा. चांगली माणसें मरतात. कागद राहतो."

बायको गेल्यापासून दोन्ही बाजू त्यांनाच मांडाव्या लागत होत्या.

मी मूलभूत हक्क पाच मार्कांसाठी पाठ केले होते. ते लिहावेत की नाही यावर कुणी कधी भांडलं असेल, हेच मला माहीत नव्हतं. मी डाव्या ओट्यावर बसलो तो तिथंच बसलो.

"तुम्ही यादीवाले?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग लिहा. भाडेकरूचे हक्क. या घराची घटना आहे, हक्क नाहींत."

घटना खरोखरच होती. लांबट वहीत, पाण्याची वेळ, मोटारीची वेळ, दार कधी लावायचं, सगळं कलमवार. मी आठवडाभर विचार करून सात हक्क लिहिले. पहिला होता, 'भाडेकरूस आवारातील पंपावर पाणी भरता येईल.'

रावसारांनी चष्मा वर केला. "पाणी तर तुम्ही रोजच भरतां. कोणी अडविलें?"

"नाही."

"मग पहिलेंच हें काय म्हणून?"

मी म्हणालो, "आमच्या गावाकडं ते लिहिलेलं असलं तर बरं असतं."

माझ्या आजीला ज्या आडावर पाणी भरू देत नसत, तो आड मी पाहिला आहे. हे मी बोललो नाही. त्यांना बहुधा कळलं. त्यांनी पहिल्या कलमाखाली रेघ ओढली आणि समोर बघून, पण माझ्याशी नव्हे, बायकोशी बोलावं तसं म्हणाले, "हा मुद्दा तुला."

पण भांडण सोडतील तर ते रावसार कसले. यादी वहीत चिकटवली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलो तर डाव्या ओट्यावर पेला नव्हता. मी बसलो. ते पेपर वाचत राहिले.

"रावसार, आज कॉफी?"

"कितवें कलम?"

कॉफी मी लिहिली नव्हती. ओट्यावर बसणंही लिहिलं नव्हतं, त्यामुळं मला उठवण्यात आलं. तीन दिवस असे गेले. पेपर नाही, गप्पा नाहीत, जिन्यावर भेटलो तर हसणं नाही. विचारलं की एकच उत्तर, "यादीत दाखवा." मला आधी गंमत वाटली, मग राग आला. तिसऱ्या संध्याकाळी वरच्या खिडकीतून खाली पाहिलं. सवयीनं त्यांनी दोन पेले भरले होते. डावा पेला तसाच गार झाला होता, आणि ते त्याच्याकडं बघत बसले होते. शिक्षा कुणाला चालली होती, ते तेव्हा मला कळलं.

मी खाली जाऊन सांगितलं, "हरलो. यादी फाडून टाका."

"फाडायची नाहीं," ते एकदम आनंदून म्हणाले. "त्यांनींही फाडली नाहीं. एक होता, आधीं म्हणे यादी कशास. शेवटीं त्यानेंच बसून लिहिली. बाजू बदलली, मान खालीं घातली नाहीं. आणि आमची भीति होती ना, तिच्यासाठींही एक कलम त्यांतच घातलें." त्यांनी वही ओढली आणि माझ्या सातांच्या खाली लाल पेन्सिलीनं आठवं लिहिलं, 'यात लिहिले नाही म्हणून नाही, असे समजू नये.'

मग आत जाऊन त्यांनी गार कॉफी ओतून टाकली आणि नवी आणली. इतकी चांगली कॉफी मी आजवर प्यायलो नाही.

त्या वर्षी ऑफिसात मी पहिल्यांदा मीटिंगमध्ये हात वर केला. तीन महिने दुसऱ्याच्या नावावर जात असलेलं काम माझं आहे, असं सांगितलं. कळवलं. विनंती नाही. घरी येऊन रावसारांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "वाक्य किती शब्दांचें होतें?"

ते स्वतः मात्र बायकोशी भांडताना एकदा फार वाईट जिंकले होते, आणि ते मला पुढच्या डिसेंबरात कळलं.

त्यांचा एकुलता मुलगा अमेरिकेत असे. बऱ्याच वर्षांपूर्वी रावसारांनी राहतं घर त्याच्या नावावर करून दिलं. कागद करताना वकिलानं विचारलं, 'आईवडिलांना मरेपर्यंत इथं राहण्याचा हक्क' हे वाक्य घालू ना? बायको म्हणाली, घाला. रावसार म्हणाले, बापानं मुलाच्या घरी राहायचं हे काय लिहून घ्यायचं असतं? लिहिलं तर संशय घेतल्यासारखं होईल. दोन दिवस ओट्यावर भांडण झालं आणि ती गप्प बसली. वाक्य घातलं नाही.

डिसेंबरात गाण्यांचा हंगाम असतो, गल्लीत पहाटे मोठमोठ्या रांगोळ्या घालतात. त्याच दिवसांत मुलगा आला. मी मनात त्याला वाईट ठरवून ठेवलं होतं, पण माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. रविवारी सकाळी तो उजव्या ओट्यावर बसला होता, मी डाव्या. रावसार कॉफी घेऊन आले आणि दारातच उभे राहिले. बसायला त्यांचा ओटा रिकामा नव्हता.

"अप्पा, तुम्ही फोन उचलत नाही तेव्हा तिकडं माझं काय होतं, ठाऊक आहे? शेजाऱ्यांना फोन करून म्हणायचं, अप्पा आहेत का बघून या. किती वर्षं असं?"

"आहें ना मी."

"ही गल्लीतली जुनी घरं सगळी बिल्डिंगला चालली आहेत. आपणही देऊ. तांबरमला एक चांगलं ठिकाण पाहिलं आहे. डॉक्टर असतो, जेवण आपल्यासारखं. जिना नाही."

रावसारांनी पेले उंबऱ्यावर ठेवले.

"तुम्हांला काय पाहिजे ते सांगा ना, अप्पा."

"घर तुझें."

"ते नाही मी विचारत."

"कागद तुझा. मग विचारतोस काय म्हणून?"

मुलानं कपाळाला हात लावला. मग तो माझ्याकडं वळला. त्याच्या चेहऱ्यावर खरंच विचारण्याचा भाव होता. "तुम्ही रोज बघता यांना. तुम्ही सांगा. यांना इथंच राहायचं आहे का?"

मला उत्तर माहीत होतं. गल्लीतल्या गाईलाही माहीत होतं. पण लहानपणापासून अंगात मुरलेलं आहे, मोठ्यांच्या घरच्या गोष्टीत आपण तोंड घालू नये. मी म्हणालो, "तो तुमच्या घरचा प्रश्न आहे."

तो उठून आत गेला.

रावसार येऊन बसले, पण उजव्या ओट्यावर नाही. माझ्या शेजारी, डाव्या ओट्यावर.

"जिंकली ती," ते म्हणाले.

"रावसार, अजून वेळ आहे. आपण त्याला सांगू. नाहीतर वकील..."

"तुम्हांस त्यानें विचारलें होतें, तंबी. यादींत नव्हतें म्हणून गप्प बसलांत?"

मी समोरच्या रिकाम्या ओट्याकडं पाहिलं.

"मीही गप्पच बसलों," ते म्हणाले. "मागायचें नाहीं म्हणून शिकलों, शिकविलें. कळवायचें राहिलें."

निघण्याच्या दिवशी जानव्याची किल्ली सोडवताना गाठ सुटेना. मुलगा म्हणाला, कापू का? ते नको म्हणाले आणि बराच वेळ नखांनी सोडवत बसले. आम्ही दोघं बघत होतो.

शहराच्या टोकाचं, तांबरमचं ते वृद्धाश्रमाचं ठिकाण स्वच्छ होतं. फाटकावर वही होती. पहारेकऱ्यानं तमिळमध्ये विचारलं, नातं काय? मी सांगितलं, त्यांच्या घरी भाड्यानं राहत होतो. त्यानं वहीत पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि सांगितलं, भेट फक्त नातेवाइकांना. आत फोन करून शेवटी सोडलं.

रावसार पलंगावर बसले होते. भिंतीवरच्या नियमांच्या पाटीवर लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या, अर्ध्या पुसलेल्या. ते म्हणाले, "मैलापुरांत लोक चिडत. येथें चिडत नाहींत. सकाळीं ओलें फडकें घेऊन येतात, पुसतात, जातात." खोलीत एकच खुर्ची होती. समोर बसायला कुणी नव्हतं, म्हणून भांडणही थांबलं होतं. कॉफी किती वाजता मिळते विचारलं तर म्हणाले, "देतात. एक पेला."

परत येताना लोकलमध्ये मी ठरवलं. महिनाभरात तांबरमलाच तळमजल्याच्या दोन खोल्या घेतल्या. दाराशी एकच कट्टा होता, समोर दुसरा मी गवंड्याकडून बांधून घेतला. मग रावसारांना पत्र लिहिलं आणि सोबत किल्ली पाठवली.

ते राहायला आले नाहीत. तिथंच राहीन असं भरती होताना लिहून दिलं आहे, ते मोडलं तर मुलाला कमीपणा येईल, म्हणाले. पण दर रविवारी मी त्यांना घेऊन येई आणि ते संध्याकाळपर्यंत कट्ट्यावर बसत. असं दीड वर्ष चाललं. ते गेले तेव्हा मुलगा अंत्यविधीला आला. त्यानंच मला एक किल्ली दाखवली, जानव्याला बांधलेली सापडली होती. मैलापूरचं घर तर केव्हाच पाडलेलं. "ही कुठली?" मी सांगितलं. त्यानं किल्ली उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "मी तुम्हांला विचारलं होतं." मी म्हणालो, हो.

माझं पत्र त्यांनी आठ दिवसांत परत केलं होतं, तपासून. ऱ्हस्वदीर्घाच्या तीन चुका दुरुस्त केल्या होत्या. आणि शेवटच्या कलमाखाली लाल ठिपक्यांची ओळ होती. प्रुफांत त्या खुणेचा अर्थ होतो, हे आहे तसंच राहू द्या. त्यांच्या दुरुस्त्या घालून ते पत्र खाली उतरवतो.

ती. रावसार यांस,

साष्टांग नमस्कार.

फाटकावरच्या वहीत मी कोण, यासाठी जागा नाही. मुलगा, मुलगी, नातेवाईक, एवढंच आहे. पुढच्या रविवारपासून मी त्या रकान्यात तंबी असं लिहिणार आहे. कळवत आहे.

त्या दिवशी मला विचारलं होतं तेव्हा मी जे बोलायला हवं होतं ते असं. होय, त्यांना इथंच राहायचं आहे. पाच शब्दांचं वाक्य होतं. उशीर झाला. म्हणून आता लिहून ठेवत आहे.

तांबरमच्या घराची घटना.

१. या घराची एक किल्ली रावसारांकडे राहील.

२. ते केव्हाही येतील. आधी सांगण्याची गरज नाही.

३. उजवा कट्टा त्यांचा. पाहुणा आला तरी त्यावर बसणार नाही.

४. घरातील कोणताही छापील कागद तपासता येईल. खुणा पुसल्या जाणार नाहीत.

५. कॉफीचे पेले दोन भरले जातील.

६. भांडणात बाजू बदलता येईल.

७. त्यांना काय पाहिजे, हे त्यांना रोज विचारलं जाईल, आणि ते 'घर तुमचें' म्हणाले तर ते उत्तर धरलं जाणार नाही.

८. यात लिहिले नाही म्हणून नाही, असे समजू नये.

पत्रात विनंती हा शब्द कुठंही नाही. तपासून पाहा.

तुमचा,
डाव्या ओट्यावरचा